रिकामी बंदूक नावाची गोष्ट नसते

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं आणि राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी एका दिवसात देशाला माहीत झालं. बरोबर दोन महिन्यांनी, 1 ऑक्टोबरच्या पहाटे, मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी घुसली. बंदूक त्यांचीच, परवान्याची. रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं.

दोन्ही बातम्या आपण वाचल्या आणि विसरलो. पण त्या शेजारी शेजारी ठेवून बघा. स्वप्नीलने आजवर किती हजार गोळ्या झाडल्या असतील, हिशोब नाही. तरी तो खेळ आपण सुरक्षित मानतो, आपल्या पोरांना त्यासाठी रेंजवर पाठवतो. आणि घरात, कोणावरही न रोखलेलं, नुसतं जागेवर ठेवायला घेतलेलं हत्यार मालकालाच लागतं. असं का होतं? रेंजवर नेमकं काय असतं जे घरात नसतं?

याचं उत्तर शोधायचं तर एका अशा खेळाचा इतिहास बघावा लागतो, जो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. त्यात माणूस रायफल, शॉटगन आणि पिस्तूल अशा तीन बंदुका घेऊन, घड्याळ लावून, अक्षरशः पळत पळत नेम मारतो. अमेरिकेत त्याला थ्री-गन किंवा मल्टी-गन म्हणतात. लांबून बघितलं तर वाटतं, इथे रोज एखादा तरी जायचाच. तसं होत नाही, कारण गेल्या साठ-सत्तर वर्षांत त्या लोकांनी भांडून, चुकून काही नियम बसवलेत. ही गोष्ट त्या नियमांची.

सुरुवात 1950 च्या दशकातल्या अमेरिकेत. टीव्हीवर काउबॉयच्या मालिका जोरात होत्या. कमरेचं रिव्हॉल्व्हर डोळ्याचं पातं लवायच्या आत उपसायचं आणि झाडायचं, याचं वेड पसरलं. क्लब निघाले, स्पर्धा निघाल्या. आणि लोक स्वतःच्याच पायात गोळ्या मारून घ्यायला लागले. कारण साधं आहे. घाईत बोट चापावर आधी पोचतं आणि नळी म्यानातून नंतर बाहेर येते. त्या क्षणी नळीचं तोंड स्वतःच्याच मांडीकडे असतं. शेवटी त्या खेळाने खरी काडतुसं सोडून बिनगोळीची आणि मेणाच्या गोळीची काडतुसं वापरायला सुरुवात केली.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेक या डोंगरातल्या गावी जेफ कूपर नावाचा माणूस खऱ्या गोळ्यांनी स्पर्धा भरवत होता. कूपर मरीन कोअरमधला, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढलेला. त्याला तमाशा नको होता, खरंच काय उपयोगी पडतं हे बघायचं होतं. या स्पर्धांत जॅक वीव्हर नावाचा शेरीफचा एक साधा डेप्युटी आला. बाकीचे कमरेतून झाडायचे. हा पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यासमोर आणायचा, एक क्षण उशिरा झाडायचा आणि जिंकायचा. बघता बघता सगळे तसंच करायला लागले. वेगापेक्षा नेम महत्त्वाचा, हे तिथे भाषणातून नाही तर निकालातून सिद्ध झालं.

मग 1976 उजाडलं. मे महिन्यात मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावात वेगवेगळ्या देशांतली मंडळी जमली आणि आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचं इंग्रजी लघुनाव आयपीएससी. कूपर तिचा पहिला अध्यक्ष. बोधवाक्यात तीन लॅटिन शब्द, अर्थ अचूकता, ताकद आणि वेग. त्याच वर्षी कूपरने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात पॉल्डन इथे स्वतःची शाळा काढली, ती पुढे गनसाइट म्हणून प्रसिद्ध झाली.

आज जगभर बंदूक शिकवताना जे चार नियम सांगतात, ते या कूपरनेच घडवले आणि रुजवले. माझ्या शब्दांत सांगतो:

एक, प्रत्येक बंदूक कायम भरलेलीच आहे असं धरून चाला.
दोन, जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्यावरून नळीचं तोंड फिरवू नका.
तीन, नेम लागेपर्यंत बोट चापाच्या बाहेर.
चार, कशावर झाडताय ते ओळखा आणि त्याच्या पाठीमागे काय आहे तेही बघा.

यातली खुबी लक्षात घ्या. एक नियम चुकून मोडला तरी बाकीचे तीन सांभाळून घेतात. बंदूक भरलेली निघाली, पण तोंड जमिनीकडे होतं, तर भोक जमिनीला पडेल. तोंड चुकीकडे गेलं, पण बोट बाहेर होतं, तर काहीच होणार नाही. माणूस मरायला एकाच वेळी दोन-तीन नियम मोडावे लागतात.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. यापुढे वाट फुटली.

कूपरचं म्हणणं असं की सुरक्षितता माणसाच्या डोक्यात असते. म्हणून त्याच्या शाळेत विद्यार्थी दिवसभर भरलेलं पिस्तूल कमरेला लावून वावरायचे. बंदूक कायम भरलेली असते असं शिकवायचं, तर ती खरंच भरलेली असू दे! याला ‘हॉट रेंज’ म्हणतात. स्पर्धा भरवणाऱ्यांनी मात्र उलटा निर्णय घेतला. शे-दोनशे माणसं येणार. कोण किती शिकलेला, कोण रात्री जागून आलेला, कोणाचं घरी भांडण झालेलं, आपल्याला काय माहीत? म्हणून ‘कोल्ड रेंज’. मैदानावर प्रत्येक बंदूक रिकामी. पंचाने सांगितल्याशिवाय कोणी भरायची नाही. बंदूक हाताळायला एक ठरलेली जागा, आणि त्या जागेत काडतुसाला हात लावायचा नाही, अगदी खोट्या, सरावाच्या काडतुसालासुद्धा नाही.

कूपर पुढे या स्पर्धांवर नाराज झाला. याचा नुसता खेळ झाला, असं म्हणत राहिला. 2006 साली तो गेला. शिक्षक म्हणून त्याचं बरोबर असेल. पण अनोळखी माणसांची गर्दी सांभाळायची असेल तर स्पर्धावाल्यांचं बरोबर होतं, असं माझं मत. एका गुरूच्या नजरेखालचे वीस शिष्य आणि जत्रा, यांना एकच नियम लावता येत नाही.

आता मल्टी-गन. 1980 च्या सुमारास ‘सोल्जर ऑफ फॉर्च्युन’ या मासिकाने तीन बंदुकांची स्पर्धा सुरू केली आणि तिथून हा प्रकार वाढला. पिस्तुलाचे नियम तोवर बसले होते. पण रायफल आल्यावर एक नवीनच अडचण उभी राहिली. पिस्तूल झाडून झालं की म्यानात जातं. रायफलला म्यान नाही. घड्याळ चालू आहे, पुढचा नेम शॉटगनने मारायचाय, हातात गरम रायफल आहे. ती ठेवायची कुठे आणि कशी?

यावर सापडलेलं उत्तर अगदी गावठी आहे: पिंप. मैदानावर ठरलेल्या जागी मोठं पिंप किंवा पेटी ठेवायची. रायफल तोंड खाली करून, सुरक्षित दिशेला त्यात सोडायची आणि पळायचं. पण सोडताना ती एक तर पूर्ण रिकामी पाहिजे, नाहीतर तिची सेफ्टी लावलेली पाहिजे. भरलेली आणि सेफ्टी न लावलेली रायफल पिंपात सापडली की बहुतेक नियमपुस्तकांप्रमाणे त्या माणसाची स्पर्धा तिथेच संपली. गोळी सुटली नाही, कोणाला काही झालं नाही, तरी संपली.

रायफलची जुळणी आणि नियम इथे एकमेकांत कसे अडकलेत, ते बघण्यासारखं आहे. या खेळात बहुतेकांकडे एआर-15 घराण्यातली रायफल असते. युजीन स्टोनरने 1950 च्या दशकात आर्मालाइट कंपनीत ही बनवली, 1959 मध्ये हक्क कोल्टकडे गेले. हिची एक खोड आहे. आतला घोडा चढलेला नसेल तर सेफ्टी लागतच नाही. म्हणजे रिकाम्या चेंबरवर चाप ओढला की त्यानंतर सेफ्टीचा खटका फिरतच नाही. उलट मॅगझिनमधली शेवटची गोळी गेली की बोल्ट मागेच अडकून राहतो आणि चेंबर उघडं दिसतं. जाणता खेळाडू म्हणूनच मोजून झाडतो: पिंपाशी पोचेन तेव्हा एक तर चेंबर उघडं हवं, नाहीतर घोडा चढलेला आणि अंगठा सेफ्टीवर. स्वतःची रायफल आतून कशी चालते हे ज्याला माहीत नाही, त्याला हा नियम पाळताच येणार नाही. डावखुऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी सेफ्टी बसवून घेतात ती याचसाठी.

नळी बहुधा 16 ते 18 इंचांची. अमेरिकेत 1934 च्या कायद्याने 16 इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीला वेगळी नोंदणी लागते, म्हणून खालची मर्यादा तिथे. नळीच्या तोंडाशी ‘ब्रेक’ बसवतात. तो गोळीमागचा वायू बाजूला फेकतो, त्यामुळे धक्का कमी बसतो आणि पुढचा नेम लवकर लागतो. पण तो वायू आणि आवाज जातो कुठे? शेजारी उभ्या पंचाच्या कानात. नेमबाजाचा फायदा तो शेजाऱ्याचा त्रास. म्हणून कान आणि डोळे झाकल्याशिवाय कोणी मैदानाजवळ यायचंच नाही, मग तो नुसता बघ्या का असेना.

दुर्बीण एकपटीपासून सहापट किंवा जास्त अशी फिरवता येणारी. कारण एकाच स्टेजमध्ये एक लक्ष्य 10 पावलांवर असतं आणि दुसरं 300 यार्डांवर. बरेच जण रायफल 50 यार्डांवर झीरो करतात. हलकी 5.56 ची गोळी त्यानंतर थोडी वर चढून साधारण 200 यार्डांच्या आसपास पुन्हा नेमाच्या रेषेवर येते, म्हणून मधल्या अंतरात फार विचार करावा लागत नाही.

पण याच दुर्बिणीत एक सापळा आहे. ती नळीच्या साधारण अडीच इंच वर बसते. तुम्ही लाकडी आडोशावरून डोकावून नेम धरलात, दुर्बिणीतून लक्ष्य स्वच्छ दिसतंय, पण अडीच इंच खाली नळीचं तोंड फळीलाच भिडलेलं असतं. चाप ओढला की गोळी फळीतून जाते. डोळ्याला जे दिसतं ते आणि नळीला जे दिसतं ते वेगळं. चौथा नियम, पाठीमागे काय आहे ते बघा, इथे उलटा लागू होतो: पुढ्यात काय आहे तेही बघा.

लोखंडी लक्ष्यांचंही तसंच. पिस्तुलाची गोळी लोखंडावर चपटी होऊन विखुरते. रायफलची गोळी इतक्या वेगात येते की जवळच्या पत्र्यावर खड्डा पाडते, आणि मग पुढच्या गोळीचे तुकडे त्या खड्ड्यातून कुठेही उडतात. म्हणून रायफलसाठी लोखंडी लक्ष्य पिस्तुलापेक्षा कितीतरी लांब ठेवायचं. गोळीत पोलादी गाभा असेल तर बऱ्याच ठिकाणी ती चालत नाही, पत्रा खराब होतो आणि ठिणगीने वाळकं गवत पेटतं. तपासणी कशी? लोहचुंबकाने! काडतुसाच्या टोकाला चुंबक चिकटलं की गोळी बाजूला. पेपर नाही, शपथपत्र नाही, ‘दुकानदार चांगली म्हणाला होता’ नाही.

आणि सगळ्यांच्या वर 180 अंशांचा नियम. खेळाडूच्या पुढे एक काल्पनिक आडवी रेघ. नळीचं तोंड कायम त्या रेघेच्या पलीकडे, मातीच्या बांधाकडे. पळताना, वळताना, मॅगझिन बदलताना, अडकलेली गोळी काढताना, कधीही तोंड या रेघेच्या अलीकडे आलं की पंच ‘स्टॉप’ म्हणतो आणि दिवस संपतो. पळताना बोट चापाच्या आत दिसलं तरी इशारा किंवा बाद. बंदूक पडली तरी बाद, आणि पडलेली बंदूक स्वतः उचलायची नाही. हे शेवटचं का, ते कळायला गोविंदांची बातमी आठवा. निसटत्या बंदुकीला झेलायला माणूस आपोआप झडप घालतो, आणि झडप घालणारं बोट नेमकं चापात अडकू शकतं. म्हणून पडू द्या. पंच येईल, उचलेल, रिकामी करेल, मग तुमच्या हातात देईल.

आता हे सगळे नियम एका ओळीत लावून बघा. नळीचा कोन. बोटाची जागा. सेफ्टीचा खटका. उघडं चेंबर. चेंबरमध्ये खोचलेली रंगीत पट्टी. चुंबक. प्रत्येक गोष्ट बाहेरून, दुसऱ्या माणसाच्या डोळ्याला दिसते. ‘माझं लक्ष होतं’, ‘मी वीस वर्षं करतोय’, ‘मला माहीत होतं रिकामी आहे’ या कशालाही तिथे किंमत नाही, कारण ते पंचाला दिसत नाही. आणि जे दिसतं त्याची शिक्षा गोळी सुटायची वाट बघत नाही. अपघाताला शिक्षा दिली तर उशीर झालेला असतो. ते लोक अपघाताच्या दोन पावलं आधीच्या चुकीला शिक्षा देतात, आणि ती विजेत्याला आणि नवख्याला सारखीच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मैदान सुरक्षित म्हणून समाज सुरक्षित होत नाही. 2012 मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत 20 लहान मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली, ती याच घराण्यातल्या रायफलने. मार्च 1996 मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेनमध्ये 16 मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. मारणाऱ्याकडच्या बंदुका परवान्याच्या होत्या. ब्रिटनने त्यानंतर खाजगी पिस्तुलंच बंद केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला 35 माणसं मेली, आणि तिथल्या सरकारने अर्धस्वयंचलित रायफली सर्वसामान्यांकडून काढून घेतल्या. या देशांतल्या खेळाडूंनी कुरकुर केली, पण खेळ संपला नाही, बदलला. रेंजचे नियम चुकणाऱ्या माणसाला थांबवतात. ठरवून मारायला निघालेल्याला थांबवायला कायदाच लागतो. अमेरिकेने पहिली गोष्ट उत्तम केली आणि दुसरीत ती अडकून पडली आहे.

आपलं उलटं आहे. कायदा आपल्याकडे कडक आहे. 1959 चा शस्त्र कायदा, 2016 चे नियम, प्रतिबंधित बोअरची लष्करी रायफल सामान्य माणसाला मिळत नाही. मल्टी-गन अमेरिकेसारखी इथे होणं शक्य नाही, आणि त्याची मला खंतही नाही. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने तर एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली (खेळाडूंना वेगळी सवलत आहे) आणि लग्नावरातीत निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

पण कायदा परवाना कोणाला द्यायचा ते सांगतो. परवाना मिळाल्यावर कपाटाशी, गाडीत, वाढदिवसाच्या फोटोत ती बंदूक कशी धरायची, हे सांगणारी सवय आपल्याकडे नाही. कमरेला पिस्तूल लावून फोटो टाकणारे कार्यकर्ते बघा. बोट कुठे असतं? चापात. नळी कुठे असते? शेजारच्याच्या पोटाकडे. आणि खाली कमेंटमध्ये ‘भाऊ, किंग’!

तर मुद्दा आपल्या गावचा. स्वप्नील, त्याच्या आधी तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, त्याही आधी अंजली भागवत, सुमा शिरूर. नेमबाजीत महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावातही एअर रायफलचे वर्ग निघतायत, हे चांगलंच आहे. ठराविक ताकदीखालच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून वर्ग काढणं सोपं. पण परवाना लागत नाही याचा अर्थ डोळा फुटत नाही असा नाही.

पोराला घालण्याआधी पालकांनी अर्धा तास तिथे नुसतं उभं राहावं. किती मेडल टांगलीत ते नंतर बघा. आधी हे बघा: झाडत नसताना प्रत्येक रायफलीच्या चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग आहे का? आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तो सक्तीचा आहे. कोणी लक्ष्याकडे चालत गेलं की बाकीचे रायफलीपासून मागे होतात का? पोरांची बोटं कुठे आहेत? मागे भिंत आहे की नुसता पडदा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चांगला नेम असलेल्या पोराने नियम मोडला तर सर काय करतात? त्याला हसून सोडतात की त्या दिवशी घरी पाठवतात?

घरी पाठवत असतील, तर डोळे झाकून नाव घाला.

आणि ज्यांच्या घरात परवान्याची बंदूक आहे त्यांना एवढंच: ‘रिकामी आहे’ हे वाक्य तोंडाने म्हणायचं नाही. चेंबर उघडायचं, दुसऱ्याला दाखवायचं, मगच ठेवायची. काडतुसं वेगळ्या कुलपात. कोणी हसलं तर हसू दे.